सिंगापूरचा शेजार आणि आपली सोसायटी

सिंगापूरला जाणाऱ्या मराठी सहलीच्या बसचे थांबे ठरलेले असतात. मर्लायन, सेंटोसा, मुस्तफामधली खरेदी, आणि मध्ये कुठेतरी एक दिवस 'विविध संस्कृतींचं दर्शन'. म्हणजे चायनाटाउनमध्ये अर्धा तास, लिटल इंडियात जेवण, काम्पोंग ग्लामला सुलतान मशिदीसमोर फोटो. परत आलेला माणूस मग पुढची दोन वर्षं सांगत राहतो: काय ते शहर! चिनी, मलय, तमिळ सगळे गुण्यागोविंदाने राहतात. भांडण नाही, कचरा नाही. थुंकलं की दंड, च्युइंगम विकायला बंदी. आपल्याला त्यांच्या पहिल्या पंतप्रधानासारखा, असाच एक ली क्वान यू पाहिजे होता.

यातला दंडाचा भाग आपल्याला फार आवडतो. दुसऱ्याला कुणीतरी शिस्त लावावी ही आपली जुनी इच्छा आहे. पण सहलीच्या बसने दाखवलेलं सिंगापूर आणि ज्या सिंगापूरकडून काही शिकण्यासारखं आहे ते सिंगापूर, या दोहोंत अंतर आहे. ते शहर पाहिल्यावर माझ्या मनात राहिला तो प्रश्न कचऱ्याचा नव्हता. शेजाऱ्याचा होता. आपल्या शेजारी कोण राहणार हे कुणी ठरवायचं? तिथे ते सरकार ठरवतं आणि उघडपणे ठरवतं. मुंबई-पुण्यात ते सोसायटीची कमिटी आणि ब्रोकर ठरवतात, हळू आवाजात. मला पहिली पद्धत पूर्ण पटत नाही. पण दुसऱ्या पद्धतीला 'कॉस्मोपॉलिटन' म्हणणं आता बंद करावं, इतपत माझी खात्री झाली आहे.

आधी त्या तीन थांब्यांबद्दल. 1822 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या रॅफल्सने सिंगापूरची आखणी करायला घेतली, तेव्हा प्रत्येक जमातीला वेगळी जागा नेमून दिली. चिन्यांना नदीच्या दक्षिणेला, चुलियांना म्हणजे दक्षिण भारतातून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांना नदीकाठी वरच्या अंगाला, मलय सुलतान आणि त्याच्या माणसांना काम्पोंग ग्लामला, आणि युरोपियनांना अर्थातच मोक्याची जागा. सेरंगून रोडची भारतीय वस्ती पुढे गुरांच्या धंद्याभोवती वाढली. तिथल्या एका रस्त्याचं नाव अजून बफेलो रोड आहे. म्हणजे बसमधून आपण जे कौतुकाने पाहतो ते लोकांना वेगवेगळं ठेवण्याचे अवशेष आहेत, नीट रंगवून, दिवे लावून जपलेले. (लिटल इंडियात जेवण चांगलं मिळतं, हे मात्र खरं.)

त्या आखणीला न जुमानणाऱ्या जागा तेव्हाही होत्या. चायनाटाउनमधल्या साउथ ब्रिज रोडवर 1827 साली स्थापन झालेलं मारिअम्मन मंदिर आहे आणि दोन पावलांवर जामा मशीद. वॉटर्लू स्ट्रीटवर क्वान यिन या चिनी देवीच्या मंदिराशेजारी कृष्णाचं मंदिर आहे. एका सकाळी मी तिथे बराच वेळ उभा होतो. क्वान यिनच्या मंदिरातून बाहेर पडलेल्या चिनी बायका सरळ कृष्णाच्या दाराशी येत, तिथल्या मोठ्या धूपपात्रात उदबत्त्या खोचत, दोन्ही हात जोडून चिनी पद्धतीने तीनदा वाकत आणि भाजीच्या पिशव्या उचलून चालू लागत. पुजाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. 'सर्वधर्मसमभाव' हा शब्द कुणी उच्चारला नाही. शेजारच्या देवाला नमस्कार न करता जाणं बरं दिसत नाही, इतकाच हिशेब असावा. आपल्याकडे माहीमला किंवा हाजीअलीला हे दृश्य नवं नाही.

पण रस्त्यावरचा असा शेजार योगायोगाने जमतो आणि एका रात्रीत मोडतो. सिंगापूरने हे पाहिलेलं आहे. 21 जुलै 1964 रोजी, शहर मलेशियाचा भाग असताना, पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीत चिनी आणि मलय लोकांमध्ये दंगल पेटली. सप्टेंबरमध्ये पुन्हा एकदा. दोन्ही मिळून 36 माणसं मेली. वर्षभरात, 9 ऑगस्ट 1965 ला, सिंगापूर मलेशियातून वेगळं झालं. बहुसंख्य चिनी, भोवती मलय देश, हाताशी ना पाणी ना जमीन. आजही तिथल्या शाळांत 21 जुलैला वांशिक सलोख्याचा दिवस पाळतात आणि मुलं एकमेकांचे पोशाख घालून येतात. दंगलीची तारीख शाळेच्या कॅलेंडरात घालून ठेवणारं शहर भाबडं नसतं. आपण मुंबईच्या 1992-93 च्या दंगलींचा कुठला दिवस शाळेत पाळतो?

आता खरं सिंगापूर. ते तोआ पायो, टॅम्पिनीस, बेडोक, यिशून अशा नावांच्या उपनगरांत राहतं. बस तिथे जात नाही, कारण पाहण्यासारखं काही नाही. दहा-बारा मजल्यांपासून पुढे कितीही उंच जाणाऱ्या इमारतींच्या रांगा, भिंतीवर मोठ्या आकड्यात ब्लॉक नंबर, खिडक्यांतून आडव्या बांबूंवर वाळणारे कपडे. ही सरकारी घरं. गृहनिर्माण आणि विकासाचं जे मंडळ ती बांधतं, त्याला सगळे एचडीबी म्हणतात. ते 1960 च्या फेब्रुवारीत स्थापन झालं. पुढच्याच वर्षी बुकित हो स्वी इथल्या झोपडवस्तीला आग लागून सुमारे 16,000 माणसं बेघर झाली आणि कामाला जोर आला. 1966 च्या भूसंपादन कायद्याने सरकारला जमीन स्वस्तात घेता येऊ लागली. आज जवळपास 90 टक्के जमीन सरकारची आहे आणि दर दहा रहिवाशांपैकी जवळजवळ आठ जण एचडीबीच्या घरात राहतात, बहुतेक जण 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने का होईना, स्वतःच्या. म्हाडाच्या लॉटरीत नंबर लागावा म्हणून नवस बोलणाऱ्या माणसाला हे परीकथेसारखं वाटेल.

माझी मावसबहीण अशाच एका ब्लॉकमध्ये राहते. तिच्या मजल्यावर एका दाराशी लाल रंगाचा छोटा देव्हारा आणि त्यापुढे संत्री, दुसऱ्या दारावर अरबी अक्षरांची पाटी, तिच्या दारावर झेंडूचं प्लास्टिकचं तोरण. चपला सगळ्यांच्याच बाहेर. इमारतीचा तळमजला खांबांवर मोकळा सोडलेला असतो, त्याला तिथे 'व्हॉइड डेक' म्हणतात. मी होतो त्या आठवड्यात तिथे आधी एका चिनी आजोबांचा अंत्यविधी झाला. पांढरा मांडव, गोल टेबलं, शेंगदाणे फोडत रात्रभर बसलेले नातेवाईक. तो मांडव उतरला आणि शनिवारी त्याच जागी मलय लग्नाचा चढला. डफांसारखी वाद्यं, बिर्याणीसारख्या भाताच्या पराती, खुर्च्यांना सोनेरी फिती. बहिणीला विचारलं, आवाजाचा त्रास होत नाही? ती म्हणाली, "होतो की. पण उद्या सत्यनारायण घातला तर मलाही तीच जागा लागणार आहे."

हा शेजार आपोआप जमलेला नाही. 1980 च्या दशकात लोक पुन्हा आपापल्या माणसांकडे सरकू लागले होते. बेडोक आणि टॅम्पिनीसकडे मलय, हौगांगकडे चिनी. 1 मार्च 1989 पासून सरकारने प्रत्येक ब्लॉकला आणि प्रत्येक परिसराला वांशिक मर्यादा घातली. एका ब्लॉकमध्ये चिनी 87 टक्क्यांच्या वर नकोत, मलय 25 च्या वर नकोत, भारतीय आणि इतर मिळून 13 च्या वर नकोत. शेवटचा आकडा 2010 मध्ये 15 केला. त्याच वर्षी कायम रहिवासी असलेल्या परदेशी कुटुंबांसाठीही वेगळी मर्यादा आली, मलेशियन सोडून. तुम्ही भारतीय असाल आणि आवडलेल्या ब्लॉकमध्ये भारतीयांचा कोटा भरला असेल, तर तिथलं घर तुम्हाला दुसऱ्या भारतीयाकडूनच घेता येतं, चिन्याकडून नाही. कुठे जागा आहे ते दर महिन्याच्या एक तारखेला नव्याने मोजतात आणि संकेतस्थळावर बघता येतं. घर बघायला निघण्याआधी माणसं हवामान बघावं तसं ते बघून घेतात.

भारतीय वाचकाला इथे पहिली गोष्ट सुचते ती आरक्षण. पण ही गोष्ट उलटी आहे. आरक्षण 'इतक्या जागा तरी द्या' म्हणतं, हा नियम 'याच्यापेक्षा जास्त एका ठिकाणी नको' म्हणतो. तो अल्पसंख्याकाला उचलत नाही, पांगवतो. पांगवण्याची किंमतही त्यालाच जास्त पडते. चिन्यांचा कोटा भरलेल्या ब्लॉकमध्ये मलय किंवा भारतीय माणसाला घर विकायचं असेल तर गिऱ्हाईक फक्त बिगरचिनी, म्हणजे थोडं. महिनोन्‌महिने घर पडून राहतं, भाव पाडावा लागतो. चिनी विकणाऱ्याला ही अडचण क्वचित येते, कारण लोकसंख्येत जवळजवळ तीन चतुर्थांश चिनीच आहेत. तिथल्या सरकारने ही तक्रार बरीच वर्षं ऐकून घेतली आणि 2022 मध्ये अशी अडकलेली घरं, काही अटींवर, स्वतः परत विकत घेण्याची सोय केली. तेहेतीस वर्षांनी.

राजकीय आक्षेपही आहे आणि तो वजनदार आहे. सगळीकडे सारखं मिश्रण केलं की मलय किंवा भारतीय बहुसंख्य असलेला मतदारसंघ कुठे तयारच होत नाही. त्यावर उतारा म्हणून 1988 पासून गट-मतदारसंघ आहेत, म्हणजे एका मतदारसंघातून अनेक खासदारांचा चमू एकत्र निवडायचा, ज्यात प्रत्येक पक्षाच्या चमूत एक तरी अल्पसंख्याक उमेदवार लागतो. सत्ताधारी पक्षाला ही रचना सोयीची पडली, असं विरोधक म्हणत आले आहेत आणि ते चुकीचं म्हणता येत नाही. 2017 साली राष्ट्राध्यक्षपद एका निवडणुकीपुरतं मलय उमेदवारासाठी राखून ठेवलं आणि हलीमा याकोब बिनविरोध निवडून आल्या. लोक कुरकुरले. सहा वर्षांनी खुल्या निवडणुकीत थर्मन षण्मुगरत्नम यांना, तमिळ वंशाच्या माणसाला, 70 टक्क्यांहून जास्त मतं पडली. पद राखून ठेवल्यामुळे मतदाराची तयारी झाली की ती आधीच होती आणि राखून ठेवणं उगाच होतं, यावर तिथे अजून वाद घालता येतो. मी दुसऱ्या बाजूला झुकतो.

सगळ्यात खटकतो तो माणसांना डब्यात घालण्याचा सोस. चिनी, मलय, भारतीय, इतर. ओळखपत्रावर जमात, जमातीवरून शाळेत 'मातृभाषा'. चिनी मुलाची मातृभाषा मँडरिन, मग त्याची आजी घरात होक्कियन बोलत असली तरी. 1979 साली 'मँडरिन बोला' मोहीम सुरू झाली आणि आकाशवाणी-दूरदर्शनवरून बाकीच्या चिनी बोली हळूहळू हद्दपार झाल्या. आजी-नातवंडांना एकमेकांशी धड बोलता येत नाही, अशी एक पिढी त्यातून तयार झाली. भारतीय मुलांना तमिळ, आणि ती नको असेल तर हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दू. मराठी या यादीत नाही. माझ्या भाच्याची सरकारदरबारी मातृभाषा हिंदी आहे. मराठी त्याला आठवड्याच्या सुटीतल्या वर्गात आणि आईच्या ओरडण्यातून मिळते.

गंमत अशी की महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी आणण्याचा निर्णय इतका पेटला की 2025 च्या जूनमध्ये सरकारला तो गुंडाळावा लागला. आणि सिंगापुरातली मराठी कुटुंबं शाळेच्या फॉर्मवर निमूटपणे हिंदीवर खूण करतात. त्यांना दोष नाही, पर्यायच तेवढे आहेत. पण 'तिथले नियम कसे कडक' असं कौतुक करताना, त्या कडकपणाने आपली भाषा यादीबाहेर ठेवली आहे, हेही सांगावं.

आणि यादीबाहेर फक्त भाषाच नाही. 2024 च्या मध्यावर सिंगापूरची लोकसंख्या 60 लाखांच्या थोडी वर होती. त्यातले साडेअठरा लाखांच्या आसपास लोक अनिवासी. वांशिक टक्केवारीत ते धरलेच जात नाहीत. त्यात गलेलठ्ठ पगाराचे बँकवाले आहेत तसे तमिळनाडू, आंध्र, बांगलादेशातून आलेले बांधकाम कामगारही आहेत. एचडीबीच्या इमारती ते बांधतात. पण त्यातला फ्लॅट भाड्याने घेण्याची त्यांना मुभा नाही. कुटुंब आणता येत नाही. सिंगापुरी माणसाशी लग्न करायचं तर सरकारची परवानगी लागते. राहायचं शहराच्या कडेला, वसतिगृहात, एका खोलीत दहा-बारा जण. रविवारी ते लिटल इंडियात येतात, पैसे पाठवतात, गवतावर बसतात. 8 डिसेंबर 2013 ला तिथे एक कामगार बसखाली सापडून मेला आणि जमाव भडकला. चाळीसहून जास्त वर्षांत शहराने दंगल पाहिली नव्हती. उपाय म्हणून पुढे दारूवर निर्बंध आले. 2020 च्या साथीत वसतिगृहं महिनोन्‌महिने बंद करून ठेवली, आणि डिसेंबरपर्यंत त्यातल्या जवळजवळ निम्म्या कामगारांना करोना होऊन गेला होता, असं सरकारनेच सांगितलं. म्हणजे मोजून शेजारी आणणाऱ्या शहराने ज्यांना मोजायचं नाही ठरवलं त्यांच्यासाठी वेगळं गाव वसवलं. रॅफल्सचा नकाशा सगळाच पुसलेला नाही.

घर भाड्याने घेणाऱ्यांचीही कथा आपल्या ओळखीची आहे. खरेदीला कोटा आहे, पण भाड्याच्या जाहिरातीत 'भारतीय नकोत', 'चीनहून आलेले नकोत' असं लिहिलेलं अनेक वर्षं सर्रास दिसे. आता लिहीत नाहीत, फोनवर विचारतात. 2025 मध्ये नोकरीतला भेदभाव रोखणारा कायदा तिथे संमत झाला. भाड्याच्या घरांना तो लागू नाही.

एवढे दोष दिसल्यावर या पद्धतीत घेण्यासारखं काय उरलं? उरलं ते एका भांडणात दिसतं. 2011 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या वर्तमानपत्रात एक जुना किस्सा आला. चीनहून नुकतंच आलेलं कुटुंब आणि शेजारचं भारतीय कुटुंब. चिनी कुटुंबाला करीचा वास सहन होईना. प्रकरण सामुदायिक मध्यस्थी केंद्रात गेलं आणि तिथे तोडगा निघाला की चिनी कुटुंब घरात नसेल तेव्हाच भारतीयांनी करी करायची, आणि चिनी कुटुंबाने एकदा चाखून बघायची. हे वाचून शहर खवळलं. लोकांनी एक रविवार ठरवून घरोघर करी शिजवली आणि त्यात पुढाकार चिनी सिंगापुरी लोकांचा होता. करी आमची आहे, म्हणाले. ज्यांनी लहानपणापासून लिफ्टमध्ये, जिन्यात, कॉरिडॉरमध्ये तो वास घेतला होता त्यांना तो परका वाटत नव्हता. परका वाटला तो नव्याने आलेल्याला. कोट्याने प्रेम निर्माण होत नाही. सवय निर्माण होते. आणि शेजारासाठी सवय पुरते.

आता हाच वास मुंबईत आणा. सुरमई तळल्याच्या वासावरून आपल्याकडे मध्यस्थी केंद्रात जायची वेळच येत नाही, कारण सुरमई तळणाऱ्याला त्या इमारतीत घर मिळालेलंच नसतं. ब्रोकर फोनवर विचारतो, "पार्टी फॅमिली आहे ना? व्हेज?" आडनाव ऐकल्यावर घर कालच गेलेलं असतं. मुसलमान माणसाला तर प्रश्नसुद्धा विचारत नाहीत. 1992-93 नंतर ठाण्याजवळची मुंब्र्याची मुसलमान वस्ती कशी वाढली हे सगळ्यांना माहीत आहे. तिथे कुणी कोटा लावला नव्हता. लोक भीतीने गेले, आणि परत यायला दारं बंद होती. आणि कायद्याने या बंद दाराला हात लावला नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली निकाल दिला की सहकारी सोसायटीला आपलं सभासदत्व एका जमातीपुरतं ठेवता येतं, संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्याचा तो भाग आहे. एका शहराने 1989 मध्ये ठरवलं की शेजारी ही सार्वजनिक बाब आहे. आपल्या न्यायालयाने सोळा वर्षांनी ती खासगी ठरवली.

'आमच्या चाळीत सगळे एकत्र होते' हे यावरचं ठरलेलं उत्तर. होते, पण किती? गिरणगावातल्या गाळ्यांत गावचे लोक गावच्यांना आणत. वरळीच्या बीडीडी चाळींत दलित आणि सवर्ण जवळजवळ राहत, आणि तिथेच 1974 ला दंगल झाली. चाळीचं प्रेम मलाही आहे. पण आठवणींवरून धोरण ठरवता येत नाही.

मराठी माणसाची यातली भूमिका मला विशेष बोचते. 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना कार्यालयासाठी जागा नाकारली, व्हिडिओ पसरला, सगळे पक्ष धावले. राग रास्त होता. पुढच्या वर्षी विधान परिषदेत मागणी आली की नव्या इमारतींत निम्मी घरं मराठी माणसांसाठी ठेवा. म्हणजे दार आपल्यावर बंद झालं तेव्हा आपण दाराबद्दल बोललो नाही, किल्ली मागितली. त्याच इमारतीत मुसलमानाला, दलिताला, एकट्या राहणाऱ्या मुलीला घर नाकारतात, त्याबद्दल त्या मागणीत काही नव्हतं.

सिंगापूरचा कोटा इथे आणावा असं माझं म्हणणं नाही. जातींची गणती करून ब्लॉक भरायला बसलो तर पहिलं भांडण तक्ता छापतानाच होईल. शिवाय धार्मिक सलोखा राखण्याच्या नावाखाली भाषणबंदीचा आदेश काढण्याचे अधिकार तिथल्या सरकारने 1990 च्या कायद्याने घेतले आहेत. तसे अधिकार मी आपल्या कुठल्याही पक्षाच्या गृहमंत्र्याच्या हाती देणार नाही.

पण तिथलं मूळ तत्त्व साधं आहे. सरकार घर देतं, म्हणून सरकार अट घालतं. आपलं सरकार घर देत नसेल, पण एफएसआय देतं, म्हणजे भूखंडाच्या मानाने किती बांधकाम करायचं त्याची मुभा, आणि मुंबईत एफएसआय म्हणजेच जमीन. आज उभे राहणारे बहुतेक टॉवर पुनर्विकासाचे आहेत. विकास नियमावलीत जुन्या उपकरप्राप्त इमारतींना कलम 33(7), समूह विकासाला 33(9), म्हाडा वसाहतींना 33(5), झोपडपट्टीला 33(10). या प्रत्येक कलमाखाली बिल्डरला आणि सोसायटीला जे वाढीव क्षेत्र मिळतं ते शहराच्या खात्यातून निघतं. त्या क्षेत्राचा ताण पाण्यावर, गटारांवर, लोकलवर सगळ्यांना सोसावा लागतो. मग त्याच इमारतीचा 'रिहॅब'चा, म्हणजे जुन्या रहिवाशांचा दरवाजा वेगळा, 'सेल'चा, म्हणजे विक्रीच्या घरांचा वेगळा, आणि सेलच्या बाजूला कोण यावं हे जाहिरातीतल्या जैन मंदिराच्या उल्लेखावरून समजून घ्यायचं, हे कशासाठी चालवून घ्यायचं? वाढीव एफएसआय हवा असेल तर धर्म, जात, भाषा, आहार किंवा लग्न न झालेलं असणं या कारणांवरून विक्रीला किंवा भाड्याला नकार देता येणार नाही, अशी अट मंजुरीपत्रातच टाकावी. नकार द्यायचा तर लेखी द्या, कारणासह, निबंधकाकडे प्रत. 1960 च्या आपल्या सहकारी संस्था कायद्यात कलम 23 आहे, पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारू नये असं ते सांगतं. त्याला दात फुटायला एवढंही पुरेल. ज्या सोसायटीला आपलेच लोक हवेत, तिने सार्वजनिक क्षेत्र न घेता आपल्या पैशाने आपली जुनी इमारत दुरुस्त करून राहावं. त्यांचं स्वातंत्र्य शाबूत राहील.

यावर बिल्डर काय म्हणतील ते ठाऊक आहे: अशी अट घातली तर गिऱ्हाईक बिचकेल, भाव पडतील. तिकडे बघा. खरेदीदाराची जमात विचारून, मोजून, कधी चक्क नाकारून घरं विकणाऱ्या त्या शहरात 2024 या एका वर्षात दहा लाख सिंगापूर डॉलरच्या वर विकल्या गेलेल्या एचडीबी फ्लॅटची संख्या हजाराच्या पुढे गेली. शेजारी कोण येईल हे त्यातल्या एकाही खरेदीदाराच्या हातात नव्हतं.